बँजोच्या गाडीमागून

तुळशीचं लग्न लागलं की खान्देशात रात्री एक गाडी दिसायला लागते. टेम्पोच्या हौद्यात मिक्सर आणि ॲम्प्लिफायर, कडेला बेसचे खोके, वर हॉर्न, मागे जोडलेला जनरेटर, आणि पुढे वरातीच्या चालीने सरकणारे चार-पाच वाजवणारे. त्यांच्या मधोमध बँजोवाला. हा बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तारवाद्य. मूळचा तो जपानचा, १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी घडवलेला तैशोगोतो. आपल्याकडे त्याचा बुलबुल तरंग झाला, पुढे त्याला पिकअप लागला आणि तो विजेवर वाजू लागला. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गल्ल्यांत ही ताणलेली, किंचित फाटलेल्या आवाजाची तार ऐकतच लोक मोठे झालेत. इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन इथल्या कानांना परकं नाही. इथे रॉक बँड काढायला निघालेल्या मुलामुलींना ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून ती सगळ्यात आधी.

चार जण गिटार-ड्रम्स घेऊन जमले की पहिल्याच महिन्यात प्रश्न निघतो, पुण्याला कधी जायचं? मंच तिकडे आहेत हे खरं. इंडिपेंडन्स रॉक मुंबईत १९८६ साली सुरू झाला, एनएच-७ वीकेंडर पुण्यात २०१० साली. पण आपल्या देशातल्या रॉकच्या चळवळीला ज्या मासिकाने बांधून ठेवलं ते रॉक स्ट्रीट जर्नल १९९३ साली निघालं अलाहाबादहून. गिरीश अँड द क्रॉनिकल्स हा बँड उभा राहिला गंगटोकमध्ये. आणि आपल्या भाषेत रॉक गाता येईल का, या प्रश्नाचं उत्तर कोलकात्याच्या मोहीनेर घोडागुली या बँडने १९७५ सालीच बंगालीत देऊन ठेवलंय. बँडची पहिली दोन-तीन वर्षं गाण्यांत जितकी जातात, तितकीच जागा, वीज, माणसांच्या तारखा आणि पैशांचा हिशेब यांत जातात. या चारही गोष्टी बँजो पार्टीवाल्यांनी आणि लग्नाच्या बँडवाल्यांनी आपल्या जिल्ह्यांत केव्हाच जमवून दाखवल्यात. त्यांच्या गाडीमागून थोडं चालावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तारखांपासूनच बघा. इथला बरा ड्रमर किंवा कीबोर्डवाला रिकामा नसतो. नोव्हेंबरात लग्नतिथी उघडल्या की तो ऑक्टोपॅड घेऊन सुपाऱ्या वाजवतो, नवरात्रात गरबा वाजवतो (नंदुरबार-दोंडाईचाकडे गुजरात शेजारी असल्याने तो सीझन मोठाच असतो), गणपतीत ऑर्केस्ट्रात असतो. त्याला "बँडशी एकनिष्ठ राहा" म्हणणं म्हणजे त्याच्या घरची चूल विझवणं. म्हणून वर्षच त्याच्या सोयीने आखावं. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी या चातुर्मासात लग्नं नसतात. तोच नवी गाणी बांधायचा काळ. त्यातले गणपती आणि नवरात्र वजा केले तरी आठवड्याला तीन बैठकी धरून चाळिसाच्या आसपास बैठकी हाती लागतात, आणि तेवढ्यात सहा गाणी पक्की होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी कॉलेजांची स्नेहसंमेलनं आणि यात्रा. तेव्हा वाजवावं, नवं काही काढू नये. एप्रिल-मे मध्ये फक्त वाद्यांची निगा आणि रेकॉर्डिंगची पहाट. ती पहाटच का, ते पुढे येईल.

आता जागा. शहरात दहा बाय बाराची खोली मिळते, गावाबाहेर पत्र्याचं शेड. दोघांच्या खोडी वेगळ्या. खोलीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की भिंतींना गाद्या लावल्या की आवाज बाहेर जात नाही. कापसाचा मुलूख असल्याने गाद्या स्वस्तात मिळतातही. पण गादी आवाज शोषते, अडवत नाही. आत घुमणारा झांजेचा चरचराट आणि गायकाच्या आवाजातला पत्र्यासारखा ठसका ती कमी करते. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवतं ते वजन, म्हणजे वीट, गिलावा, जड दार. नऊ इंची विटांची गिलावा केलेली भिंत साधारण ४५ ते ५० डेसिबल अडवते. पण त्याच भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तर सगळी भिंत मिळून २० डेसिबलच्या वर अडवू शकत नाही. १२ बाय १० फुटांच्या भिंतीत ती फट म्हणजे सव्वा चौरस फूट, अर्धवट उघड्या खिडकीपेक्षाही लहान. म्हणून गाद्या विकत घ्यायच्या आधी दाराखालची फट, खिडकीची चौकट, वायर आत आणायला पाडलेलं भोक, हे बुजवा. अंड्याचे ट्रे लावण्यात वेळ घालवू नका, त्यांना वजनही नाही आणि जाडीही नाही.

दुसरी खोड बेसची. खोली दहा फूट रुंद आणि छतही दहा फुटांवर असेल, तर त्या मापाची हवा साधारण ५६ हर्ट्झला घुमते. बेस गिटारची मोकळी 'ए' तार वाजते ५५ हर्ट्झला. त्यामुळे त्या खोलीत 'ए' नेहमी धडाम् ऐकू येतो आणि बेसवाला तो नकळत हळू वाजवायला शिकतो. मग मोकळ्या मैदानावर त्याचा 'ए' गायब. दोष बोटांचा नसतो. बेसचा ॲम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून तीन-चार फूट पुढे आणा, कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत गाद्यांच्या गुंडाळ्या उभ्या करा, आणि आठवड्यातून एकदा हेडफोनवर ऐकत वाजवा. गाद्यांच्या आड एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कधीही नको. कापूस आणि सैल प्लग यांचं काय होतं, हे जिनिंगच्या गावातल्या माणसाला सांगायला नको. ॲम्पची मागची बाजू गादीपासून हातभर लांब राहिली पाहिजे.

पत्र्याच्या शेडचं गणित उलटं. शेजारी नसतो, पण पावसात पत्रा इतका वाजतो की चातुर्मासातली निम्मी बैठक वाया जाते. पत्र्याखाली एक हात अंतर सोडून प्लायचं खोटं छत आणि त्यावर जुन्या गोधड्या पसरल्या तर बोलणं ऐकू येण्याइतका फरक पडतो. शेड मळ्यातलं असेल तर मालकाला, म्हणजे त्या आप्पांना किंवा नानांना, पहिल्याच दिवशी विचारावं की वीज कुठल्या फीडरवरची आहे. शेतीच्या फीडरला ठरावीक तासच पुरवठा असतो, पाळी बदलते, आणि ती जोडणी पंपासाठी दिलेली असते. तिच्यावर ॲम्प लावून आप्पांना अडचणीत आणू नये.

उन्हाळ्याकडे वळतो, कारण खान्देशात लाकडाचा खरा शत्रू तोच आहे. पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. गिटारच्या मानेवरचं लाकूड आकसतं, पण फ्रेटचा, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांचा, धातू तेवढा आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला ओरखडतात. अकूस्टिक गिटारच्या वरच्या फळीला चीर जाते ती याच दिवसांत. उपाय घरचा आहे. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला पाच-सहा भोकं पाडायची, आत घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवायचा आणि डबी केसमध्ये मानेच्या टोकाशी ठेवून केस बंद करायची. तीन-चार दिवसांनी स्पंज पुन्हा ओला. पाणी ठिबकायला नको, नुसता ओलावा हवा. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली तर सरस मऊ होऊन ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उचलतो, ते नुकसान डबीने भरून येत नाही. मान वाकलीय का हे पाहायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटपाशी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, पाव मिलिमीटरच्या आसपास, बरी. जास्त-कमी असेल तर ट्रस रॉडला, म्हणजे मानेच्या आतल्या सळईला, एका वेळी पाव फेराच द्यायचा आणि एक दिवस थांबायचं. घाईने दिलेल्या पूर्ण फेऱ्याने रॉड तुटलेल्या गिटारी दुरुस्तीला येतात, आणि बहुतेक वेळा दुरुस्त होत नाहीत.

हिवाळी यात्रेतली रात्र याच्या बरोबर उलट. पौषात उघड्या मैदानावर थंडी अशी उतरते की खोलीत लावलेली तार मंचावर जाईपर्यंत चढलेली असते, आणि दिव्यांच्या झोतात आली की पुन्हा उतरते. गिटार केसमधून काढून अर्धा तास मंचाच्या हवेत ठेवावी आणि मग लावावी. शेवटचं लावणं दिवे सुरू झाल्यावरच.

विजेवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण यात माणूस जातो.

गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. ॲम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या, अशी जोडणी असेल आणि दोघांपैकी एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल, तर गायकाची बोटं तारेवर आणि ओठ माइकवर टेकताच मधली वाट त्याच्या शरीरातून जाते. "माइक थोडा चावतोय" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं. स्पंजची टोपी चढवून गाणं पुढे न्यायचं नाही. त्या टोपीने झटका लागत नाही असं वाटतं, ती घामाने भिजेपर्यंतच. आणि घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन कापणं हा तर सरळ गुन्हा मानावा. घरघर घालवायचे दुसरे रस्ते आहेत.

म्हणून बँडची पहिली खरेदी गिटारचा आवाज बदलणारं पेडल नसावी, मल्टिमीटर असावा. मंचावर पोचल्यावर, काहीही जोडायच्या आधी, सॉकेटमध्ये तीन मोजमापं घ्यायची. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरं मोजमाप शून्य किंवा भलतंच आलं तर अर्थ नाहीच. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसले तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे, आणि ही जास्त धोक्याची खूण. मंडपाला तीन फेज दिलेले असतात. न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची उपकरणं एकामागे एक, ४०० व्होल्टच्या मध्ये, अडकल्यासारखी होतात. ज्या फेजवर भार कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. मंडपाचे हॅलोजन एका फेजवर आणि बँडचे दोन छोटे ॲम्प दुसऱ्यावर असतील तर जळतात ते ॲम्प. ओळखायची खूण म्हणजे काही दिवे एकदम लख्ख होतात आणि त्याच क्षणी काही मंदावतात. तसं दिसलं की धावत जाऊन मेन पाडायचा, प्लग उपटत बसायचं नाही. खांबावर आकडा टाकून वीज घेतली असेल तर वाजवूच नये. तिथे मोजण्यासारखं काही उरत नाही.

जोडणी अशी मागावी की सगळा आवाज, म्हणजे मिक्सर, पॉवर ॲम्प, गिटार-बेसचे ॲम्प आणि पेडलबोर्ड, एकाच फेजवर आणि एकाच बोर्डावरून असेल, आणि दिवे दुसऱ्या फेजवर. अर्थ एकच राहिला की ओठांचा झटका टळतो आणि निम्मी घरघरही जाते. त्या बोर्डाच्या आधी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला एक स्वतःचा बोर्ड बँडनेच करून घ्यावा आणि सगळीकडे सोबत न्यावा. जनरेटर असेल तर भाराची बेरीज आधी करून घ्यायची. दोन किलोवॅटचा साउंड, दोन-तीन ॲम्प आणि थोडे एलईडी मिळून तीन किलोवॅट होतात, त्याला पाच केव्हीएचा जनरेटर पुरतो. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजर त्याच जनरेटरवर जोडू देऊ नका. काँप्रेसर सुरू होताना व्होल्टेज बसतं आणि डिजिटल मिक्सर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बँजो पार्टीवाला आपला जनरेटर दुसऱ्या कुणाला का देत नाही, ते इथे कळतं.

साउंडवाल्याशी नातं जपावं लागतं. खान्देशातला साउंड बहुतेक डीजेसाठी बांधलेला असतो. दोन-दोन अठरा इंची बेसचे खोके, वर टॉप, आणि सगळं नाच होईल असं लावलेलं. त्यातून गिटारचा मधला पट्टा बाहेर येत नाही, कारण तिथे कुणी कधी काही पाठवलेलंच नसतं. भाऊला "आवाज नीट कर" म्हणून काही होत नाही. त्याच्या हातात एक कागद द्यावा, आठ ओळींचा. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), ड्रम्सवरचा एक माइक, बेस डीआय बॉक्समधून (वाद्य माइकशिवाय थेट मिक्सरला जोडणारी डबी), गिटार एक, गिटार दोन, मुख्य गायक, साथीचा गायक. कुठल्याला कुठला माइक आणि कुठला स्टँड तेही लिहावं. गिटारच्या ॲम्पला शुअर एसएम५७ किंवा तसलाच माइक जाळीपासून दोन बोटांवर, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला. गायकांच्या चॅनलवर शंभर हर्ट्झच्या खालचं कापायचं आणि एको पूर्ण बंद, तो आपण मागितला तरच सुरू. लग्नातल्या घोषणांसाठी एको कायम चढवलेला असतो, आणि त्यात शब्द विरघळतात.

शिट्टी येते तेव्हा सगळे गायकाकडे बघतात. बहुतेक वेळा कारण मंचावरचा मॉनिटर, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, असतो. एसएम५८ सारखा कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीला हवा, म्हणजे गायकाच्या समोर जमिनीवर. माइकची जाळी मुठीत धरली की ती पाठ ऐकू लागते आणि शिट्टी सुटते. ही सवय टीव्ही पाहून लागते, सरावातच मोडावी.

ड्रम्सखाली सहा बाय सहाची सतरंजी नेहमी आपली. गुळगुळीत फरशीवर किक ड्रम दर गाण्याला वीतभर पुढे सरकतो. किकच्या पोटात गोधडीची एक घडी, मागच्या पडद्याला जेमतेम टेकलेली. पोट भरून टाकलं तर ठोका मरतो.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तोंडपाठ हवेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. गावात कार्यक्रम नेहमी उशिरा सुरू होतो. भाषणं लांबतात, सत्कार वाढतात, आणि पंचेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम पावणेदहाला हातात येतो. म्हणून दोन याद्या तयार ठेवाव्यात, नऊ गाण्यांची एक आणि तीन गाण्यांची एक. तीनवालीत सगळी गाणी तारांच्या एकाच ट्यूनिंगची असावीत, मध्ये तार उतरवण्यात वेळ जायला नको.

आता गाण्यांकडे. इथला बँड ज्या दिवशी हिंदी-इंग्रजी गाणी सोडून आपल्या बोलीत लिहू लागतो, त्या दिवसापासून तो मला खरा वाटू लागतो. अहिराणीचं उच्चारशास्त्र रॉकसाठी घडवल्यासारखं आहे. 'ळ'चा 'य' होतो, डोळा 'डोया' होतो, काळा 'काया' होतो. उंच पट्टीत 'ळ' गाताना जीभ मागे वळते आणि आवाज चिमटला जातो. 'य' वर तो सरकत पुढच्या स्वरात जातो. "मना डोयामा पानी उना" ही साधी ओळ म्हणून बघा. शब्दांच्या शेवटाला मोकळा 'आ', तोही तीन वेळा. प्रमाण मराठीतली हीच ओळ 'आलं' वर मिटते. क्रियापदं छोटी आहेत, 'शे', 'गया', 'उना', आणि ठोक्यावर ती खिळ्यासारखी बसतात. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींच्या घरात प्रेक्षक मिळतात, त्यात लग्नाचा आणि नाचाचा वाटा मोठा आहे हे मान्य. पण पाणी, कापूस, केळीवरचं वादळ, सुरतेला कामाला गेलेला भाऊ, याबद्दल मोठ्या आवाजात गायची जागा त्या भाषेत अजून बरीच मोकळी आहे.

ताल मात्र शिकावा लागतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही खान्देशची देवी, बसते. त्या रात्रीच्या गाण्यांत आणि लग्नगीतांत सहा मात्रांचा झोका वारंवार भेटतो. रॉकवर वाढलेला गिटारवाला तो पकडायला जातो आणि गाणं लंगडं होतं. कारण उजव्या हातात आहे. सलग खाली-वर वाजवलं तर पहिल्या तीनात खाली-वर-खाली, पुढच्या तीनात वर-खाली-वर असं होतं. चौथ्या मात्रेवर हात वर चाललेला असतो, तिथे वजन पडत नाही. खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असं मोडून वाजवायचं. दोन 'खाली' लागोपाठ येतात, ते आधी अवघड जातं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) सावकाश ठेवून, रोज दहा मिनिटं याप्रमाणे दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. ड्रमरने किक पहिल्या मात्रेवर, स्नेअर चौथीवर ठेवावा आणि हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) सहाही मात्रा वाजवाव्यात. याच ठेक्यावर गिटारची जाड तार दाबून वाजवली की कानबाईचा झोका आणि जड रॉक एकमेकांना ढकलत नाहीत.

कुणाच्या कवितेला चाल लावायची असेल तर कायदा बघावा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. धरणगावचे बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता कधीच मोकळ्या झाल्यात. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी त्या गेल्यावर, १९५२ साली पुस्तकात आली. मरणोत्तर छापलेल्या साहित्याची साठ वर्षं छापल्यापासून धरतात, म्हणून त्या पहिल्या आवृत्तीतल्या कविता २०१२ संपताच मोकळ्या झाल्या. नंतर प्रथम छापल्या गेलेल्या कवितांची तारीख वेगळी पडते. पारंपरिक ओवी कुणाच्या मालकीची नसते, पण एखाद्या बाईंनी गाऊन दिलेलं रेकॉर्डिंग गाण्यात वापरलं तर त्यांची परवानगी, त्यांचं नाव आणि त्यांचा वाटा, तिन्ही हवेत.

वाटा हा शब्द आलाच. गाणं पूर्ण झाल्याच्या संध्याकाळी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, आणि रेकॉर्डिंगची मालकी कुणाची. मैत्री असतानाच हे लिहिता येतं. लेखक-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गाण्यांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक त्याच वहीत उतरवून ठेवावा. कार्यक्रमाच्या पैशांबाबत बँजो पार्टीवाल्यांची रीत मला अजूनही सगळ्यात बरी वाटते. बयाणा घेतल्याशिवाय तारीख धरायची नाही. आलेल्या पैशांतून आधी गाडी आणि डिझेल, मग साउंड, मग पार्टीचा वाटा, जो दुरुस्तीला जातो, आणि उरलेलं वाजवणाऱ्यांत. रॉक बँड हा पार्टीचा वाटाच विसरतात, आणि वर्षाच्या शेवटी फुटलेली झांज कुणी आणायची यावरून अबोला धरतात.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. चार इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) पहिल्या तीन गाण्यांना पुरेसा आहे. ड्रम्सला तीन माइक: एक किकला, एक स्नेअरच्या बरोबर वर, एक ड्रमरच्या उजव्या बाजूला, फ्लोअर टॉमच्या अंगाने हाय-हॅटकडे तोंड करून. वरचा आणि बाजूचा, हे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर पाहिजेत, साधारण सव्वातीन फुटांवर. सुतळीचं एक टोक स्नेअरवर धरून दुसऱ्याने दोन्ही माइक मोजायचे. बोटभर फरक राहिला तरी स्नेअर पोकळ ऐकू येतो. चौथं इनपुट बेसला, सरळ डीआय. गिटार आणि आवाज नंतर. २४ बिटला घ्या आणि सगळ्यात मोठा ठोकाही उणे दहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पंखा आणि कूलर बंद ठेवावा लागतो, आणि म्हणून मे महिन्यात ही कामं पहाटे. पाचला खोली उघडायची, माइक लावून होईपर्यंत सहा वाजतात, साडेआठला पत्रा तापून कडकड वाजायला लागतो. मधल्या अडीच तासांत एका गाण्याचे ड्रम्स आणि बेस होतात, जास्तीची अपेक्षा धरू नये.

प्रवासाचं म्हणाल तर रेल्वेचा तापी मार्ग बँडला सोयीचा आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, आणि पुढे भुसावळ. या पट्ट्यात वर्षाला दहा कार्यक्रम जमले तर बँड टिकतो, आणि एक पुण्याचा कार्यक्रम जमला तर त्याचा खर्च या दहांतून निघतो. स्लीपरला माणशी चाळीस किलो सामान नेता येतं. ड्रमरने स्नेअर, झांजा, किकचं पेडल आणि काठ्या एवढंच उचलावं, बाकीचा सेट त्या गावातला, हे आठ ओळींच्या कागदावर आधीच लिहिलेलं असावं. एका डब्यात जादा तारांचे दोन सेट, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, ड्रमची किल्ली, सोल्डरिंग आयर्न, फ्यूज, टॉर्च आणि तो मल्टिमीटर.

कार्यक्रम संपला की केबल कोपराभोवती गुंडाळू नये. आतल्या तारा पिळतात आणि महिन्याभरात टोकाशी तुटतात. एक वेटोळं सरळ, पुढचं उलटं, असं हातात घेत जायचं आणि सुतळीने सैल बांधायचं. प्रत्येक केबलच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी: लाल गिटारची, निळी माइकची, पिवळी स्पीकरची. स्पीकरची आणि गिटारची केबल बाहेरून सारखीच दिसते, आणि पातळ गिटारची केबल पॉवर ॲम्प ते स्पीकर लावली की ती तापून वितळते. मंडपवाला तोवर खुर्च्या उचलत असतो. रात्रीच्या गाडीला वेळ असेल तर त्याच्या उजेडातच फरशीवर सगळं मांडून एकदा मोजावं, सकाळी घरी जाऊन नाही.